आवाज आहे, नाव नाही : एक जपानी लाइव्ह अल्बम आणि लालबागचा बेंजो

लोकलमध्ये असाल, बसमध्ये असाल, नाहीतर घरी भांडी घासता घासता ऐकत असाल, तर आवाज जरा वाढवा. आजचा विषय आवाजाचाच आहे.

माझ्या फोनमध्ये ४८ सेकंदांची एक क्लिप आहे. गणपतीचे दिवस, लालबाग, भारतमाता सिनेमाच्या जवळपास कुठेतरी. गर्दीत मोबाइल वर धरून काढलेली, त्यामुळे दिसतं फार थोडं. पण ऐकू येतं. आधी ताशा, मग ढोल, आणि या सगळ्याच्या वर एक तारेचा आवाज. टोकदार, थरथरता, अंगावर येणारा. कोळीगीताची चाल धरतो, मग अचानक लय दुप्पट करतो आणि गर्दी ओरडते. बस, तिथेच क्लिप संपते.

ही क्लिप मी किमान शंभर वेळा ऐकली असेल. आणि तो बेंजो कोण वाजवत होतं, हे मला आजही माहीत नाही. तेव्हा विचारायचं सुचलंच नाही.

आज मला या एका प्रश्नावर बोलायचंय. रस्त्यावर, गर्दीसमोर वाजलेलं संगीत टिकतं कसं? आणि टिकलं तर कोणाच्या नावाने टिकतं? त्यासाठी आपण आधी जपानला जाऊ आणि मग लालबाग-परळला परत येऊ. मध्ये फार लांब जावं लागणार नाही, हे तुम्हाला थोड्या वेळात कळेलच.

गिटार गेली कुठे?

१९७८. टोकियोत तिघे जण एकत्र येतात. हारुओमी होसोनो, युकिहिरो ताकाहाशी आणि र्‍युइची साकामोतो. बँडचं नाव यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा, थोडक्यात वायएमओ. नावात ऑर्केस्ट्रा असला तरी व्हायोलिनवाल्यांची रांग वगैरे काही नाही. सिंथेसायझर आहेत, कॉम्प्युटरसारखं एक यंत्र आहे, आणि त्यांच्या जोडीला खराखुरा ड्रमर.

त्या काळात हे सोपं नव्हतं बरं का. आज तुम्ही फोनवर अ‍ॅप उघडता आणि बीट तयार होतो. तेव्हा स्टेजवर माणसाच्या उंचीचं, वायरींनी भरलेलं सिंथेसायझरचं कपाट उभं करावं लागायचं. हिदेकी मात्सुताके नावाचा माणूस फक्त ही यंत्रं सांभाळायला सोबत असायचा. यंत्र ठराविक लयीत चालणार, ते काही माणसाची वाट बघणार नाही. मग ड्रमर ताकाहाशी कानाला हेडफोन लावून यंत्राची टिकटिक ऐकायचा आणि तिच्यावर ड्रम वाजवायचा. म्हणजे माणूस आणि यंत्र एकाच तालात, लोकांसमोर, लाइव्ह.

१९७९ मध्ये हा बँड परदेश दौऱ्यावर गेला. लंडन झालं, न्यूयॉर्क झालं, मग परत टोकियो. या कार्यक्रमांच्या रेकॉर्डिंगमधून फेब्रुवारी १९८० मध्ये एक लाइव्ह अल्बम निघाला. नाव 'पब्लिक प्रेशर'. जपानमध्ये तो विक्रीच्या यादीत थेट पहिल्या नंबरावर गेला. इलेक्ट्रॉनिक वाद्यं घेऊन केलेला कार्यक्रम, आणि त्याचा लाइव्ह अल्बम पहिल्या नंबरावर!

आता गंमत ऐका. गंमत म्हणा किंवा दुःखाची गोष्ट म्हणा. दौऱ्यावर या तिघांबरोबर एक जबरदस्त गिटारिस्ट होता, काझुमी वातानाबे. जॅझमधलं नावाजलेलं नाव. त्या कार्यक्रमांत त्याची गिटार धडाक्यात वाजत होती, हजारो लोकांनी ती समोर बसून ऐकली होती. पण त्याचा करार दुसऱ्या रेकॉर्ड कंपनीशी होता आणि परवानगीचं काही जमलं नाही. मग काय केलं? अल्बममधून त्याची गिटार काढून टाकली. ती जी रिकामी जागा राहिली, तिथे साकामोतोने नंतर स्टुडिओत बसून सिंथेसायझर वाजवला.

विचार करा. अल्बमवर 'लाइव्ह' लिहिलंय, टाळ्या खऱ्या आहेत, शिट्ट्या खऱ्या आहेत. पण लोक ज्या गिटारला टाळ्या देतायत ती गिटारच नाही!

या गोष्टीचा शेवट मात्र बरा आहे. मूळ टेप जपून ठेवलेल्या होत्या. प्रत्येक वाद्य वेगळ्या ट्रॅकवर होतं. ११ वर्षांनी, १९९१ मध्ये, त्याच दौऱ्याच्या रेकॉर्डिंगचा 'फेकर हॉलिक' नावाचा अल्बम आला आणि त्यात वातानाबेची गिटार परत आली. टेप होती आणि त्यावर कोण वाजवतंय हे माहीत होतं, म्हणून चूक दुरुस्त करता आली.

हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे. आता मुंबईला या.

बेंजो नावाचं जपानी पाहुणं

तुमच्यापैकी किती जणांना माहीत आहे की आपला बेंजो मूळचा जपानी आहे?

पाटीवर कुठे 'बेंजो पार्टी' लिहितात, कुठे 'बँजो'. नाव अमेरिकन बँजोचं, पण वाद्य ते नाही. अमेरिकन बँजोला गोल, कातडं ताणलेलं तोंड आणि लांब मान असते. आपला बेंजो म्हणजे लांबट लाकडी पेटी, तिच्यावर तारा, आणि तारांच्या वर टाइपरायटरसारख्या कळा. डाव्या हाताने कळ दाबायची, उजव्या हाताने तार छेडायची. हिंदीत याला 'बुलबुल तरंग' म्हणतात. बलुचिस्तानात याचाच एक मोठा भाऊ आहे, त्याला म्हणतात 'बेंजू'.

हे वाद्य १९१२ मध्ये जपानच्या नागोया शहरात तयार झालं. बनवणाऱ्याचं नाव गोरो मोरिता. त्याच वर्षी जपानमध्ये नवा सम्राट गादीवर आला आणि 'तैशो' कालखंड सुरू झाला, म्हणून वाद्याचं नाव 'तैशोगोतो'. कोतो म्हणजे जपानचं जुनं, लांबलचक, शिकायला अवघड तंतुवाद्य. मोरिताने त्याला टाइपरायटरच्या कळा जोडल्या आणि ते कोणालाही घरी बसून वाजवता येईल असं करून टाकलं. म्हणजे जन्मापासूनच हे वाद्य सामान्य माणसाचं. उस्तादांचं नव्हे.

जपान आणि मुंबई यांचा रस्ता त्याआधीच खुला झाला होता. १८९३ मध्ये निप्पॉन युसेन कैशा या जपानी कंपनीने जमशेदजी टाटांच्या सहकार्याने कोबे ते मुंबई अशी बोटींची सेवा सुरू केली. कशासाठी? कापसासाठी. आपल्याकडचा कापूस जपानच्या गिरण्यांना जायचा. पुढे जपानी कापड आपल्या बाजारात आलं आणि त्याने मुंबईच्या गिरण्यांना चांगलाच घाम फोडला.

१८९३ हे साल ओळखीचं वाटतंय ना? बरोबर! त्याच वर्षी गिरगावात केशवजी नाईक चाळीत मुंबईचा पहिला सार्वजनिक गणपती बसला. म्हणजे ज्या वर्षी जपानशी बोटीचा रस्ता जुळला, त्याच वर्षी या शहरात तो उत्सव सुरू झाला, ज्याच्या मिरवणुकीत पुढे एक जपानी वाद्य गाजणार होतं. योगायोगच, पण काय योगायोग!

हे वाद्य गिरणगावातच का रुजलं?

आता तुम्ही म्हणाल, पेटी होती, तबला होता, ढोलकी होती, मग बेंजोच का?

याची कारणं अगदी व्यवहाराची आहेत. गिरणगावात, म्हणजे लालबाग, परळ, काळाचौकी, चिंचपोकळी या पट्ट्यात, दहा बाय दहाची खोली आणि त्यात दहा माणसं अशी परिस्थिती. तिसऱ्या पाळीहून आलेला माणूस दिवसा झोपलेला. अशा घरात रियाजाला जागा कुठली? बेंजो मांडीवर मावतो, वापरून झाला की फळीवर ठेवता येतो. कळा ठरलेल्या, त्यामुळे सूर शोधावा लागत नाही. सतार शिकायला वर्षं जातात, बेंजोवर ओळखीची चाल थोड्या दिवसांत निघते. आणि किंमतही परवडणारी.

दुसरं कारण म्हणजे आवाज. नुसता बेंजो तसा नाजूक. पण त्याला पिकअप बसवून वायर अँप्लिफायरला जोडली की तोच आवाज ढोल-ताशाला भेदून गल्लीच्या दुसऱ्या टोकाला जातो. गळ्यात पट्टा अडकवून चालता चालता वाजवता येतो, हातगाडीवर किंवा टेम्पोवर ठेवून वाजवता येतो. सोबत जनरेटर आणि भोंगे. म्हणजे बघा, जपानी पेटी, तिला लावलेली वीज, मागे ताशा आणि समोर नाचणारी गल्ली. याला इलेक्ट्रॉनिक रॉक बँड नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

मग उत्सव मोठे होत गेले. चिंचपोकळीचा चिंतामणी १९२० चा, गणेश गल्लीचा १९२८ चा, लालबागचा राजा १९३४ चा. मंडळ म्हटलं की मिरवणूक आली आणि मिरवणूक म्हटली की वाजप आलं. लालबागहून गिरगाव चौपाटीपर्यंतचं अंतर तसं काही फार नाही, पण राजाची मिरवणूक दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत चालते. इतका वेळ लोकांना पायांवर उभं ठेवायचं म्हणजे वाजवणाऱ्यांच्या अंगात काय असेल!

१९८२ : एक संप, एक रेकॉर्ड

आता १९८२ मध्ये या. १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. पुढे काय झालं ते या पॉडकास्टवर आपण आधी बोललोय. अनेक गिरण्यांचे भोंगे बंद झाले ते कायमचेच.

त्याच वर्षी, याच शहरात, एक विचित्र रेकॉर्ड निघाली. चरणजित सिंग हे हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये वाजवणारे वादक. पडद्यावर ज्यांचं नाव कधी ठळक येत नाही, अशांपैकी एक. त्यांनी जपानच्या रोलँड कंपनीची ३ यंत्रं घेतली. ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे ताल वाजवणारं यंत्र आणि टीबी-३०३ हे बेसचं यंत्र. त्यांवर ललत, तोडी, यमन, मालकंस असे १० राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. रेकॉर्ड आली आणि कोणी ढुंकूनही बघितलं नाही.

यातलं टीआर-८०८ नीट लक्षात ठेवा. ते १९८० मध्ये आलं आणि स्टेजवर ते सगळ्यात आधी वापरणाऱ्यांत आपला मघाचाच बँड होता, वायएमओ. आज तुम्ही जो रॅप ऐकता, त्यातला पोटात बसणारा 'धुम्म' मूळ याच यंत्राचा. गंमत म्हणजे तेव्हा ते बाजारात फार चाललं नाही. १९८३ मध्ये कंपनीने ते बनवणं बंदही केलं.

चरणजित सिंग यांची रेकॉर्ड २०१० मध्ये हॉलंडमधल्या एका छोट्या कंपनीने पुन्हा काढली, आणि जगभरातल्या लोकांनी कानाला हात लावले. अमेरिकेत शिकागोमध्ये १९८७ च्या सुमारास जे 'अ‍ॅसिड हाउस' नावाचं संगीत गाजलं, त्याच्यासारखा आवाज मुंबईत ५ वर्षं आधी निघाला होता! म्हातारपणी त्यांना युरोपात कार्यक्रमांना बोलावलं गेलं. २०१५ मध्ये ते वारले. म्हणजे निदान जिवंतपणी कौतुक पाहायला मिळालं.

हे कशामुळे घडलं? रेकॉर्ड नावाची वस्तू होती आणि तिच्या कव्हरवर नाव छापलेलं होतं. शोधणाऱ्याला शोधायला काहीतरी होतं.

आता गिरणगावात बघा. गिरण्या गेल्या, पण मंडळं राहिली. बेंजो पार्ट्याही राहिल्या. गणपती, दहीहंडी, नवरात्र, शिवजयंती, १४ एप्रिल, लग्नसराई आणि हळद. सिझनची सुपारी घ्यायची, एरवी नोकरी नाहीतर छोटा धंदा. हळूहळू बेंजोशेजारी आणखी जपानी पाहुणे आले. कीबोर्ड आला, आणि आपण कुठल्याही कीबोर्डला 'कॅसिओ' म्हणायला लागलो. रोलँडचा ऑक्टापॅड १९८५ मध्ये आला. दोन रांगांत ४-४ असे ८ रबरी चौकोन, काठीने मारा आणि पाहिजे तो आवाज काढा. त्याचं आपण 'ऑक्टोपॅड' केलं आणि तो हळदीच्या मांडवात असा काही बसला की जणू मुरुड-जंजिऱ्याचाच!

म्हणजे वायएमओने टोकियोत जे केलं, यंत्र आणि माणूस एकत्र, लोकांसमोर, तेच आपल्या पोरांनी परळ नाक्यावर केलं. फरक एवढाच की टोकियोत बाजूला टेप फिरत होती. परळ नाक्यावर नव्हती.

डीजे आला, मग?

आता तुम्ही म्हणणार, हे सगळं ठीक आहे, पण आता बेंजो कुठे राहिलाय, सगळीकडे डीजे आहे. अर्धं खरं आहे. डीजेला माणसं कमी लागतात, गाणी हवी ती मिळतात, आणि भिंतीएवढे स्पीकर लावले की पुढचं काही ऐकूच येत नाही. बेंजो पार्टीत वाजवणारेच दहा-पंधरा किंवा जास्त. त्यांचा चहा-नाश्ता, त्यांची गाडी, त्यांची सुपारी. हिशोबात बेंजो महाग पडतो.

पण "यंत्राने माणसाला मारलं" असं म्हणून रडायला मी तयार नाही. कारण बेंजोवालेही वीज वापरतात, ऑक्टोपॅडही यंत्रच आहे. आणि आवाजाचं म्हणाल, तर भोंग्यावरचा बेंजो काही बासरी नाही. चाळीत आजारी माणूस असतो, तान्हं बाळ असतं. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत. रात्री १० नंतर लाउडस्पीकर बंद, ठराविक दिवशी १२ पर्यंत सूट. ते बेंजोलाही लागू आहेत आणि असायलाच हवेत.

खरा फरक दुसरीकडे आहे. डीजेचं गाणं आधीच पूर्ण झालेलं असतं. बेंजोवाला मात्र समोर बघत असतो. पोरं थकली की लय उतरवतो, आजीबाई फुगडीला आल्या की चाल बदलतो, मूर्ती वळणावर अडकली की तीच ओळ दहा वेळा फिरवतो. ताशावाल्याला नुसती मान हलवून सांगतो की आता उचल. ते वाजवणं त्या रात्रीचं, त्या गल्लीचं असतं. दुसऱ्या दिवशी तसंच पुन्हा होत नाही. 'लाइव्ह' म्हणजे हे.

आणि म्हणूनच ते नोंदवलं गेलं नाही तर पूर्णच जातं. स्टुडिओतलं गाणं पुन्हा गाता येतं. गेल्या वर्षीची लालबागची रात्र पुन्हा वाजवता येत नाही.

२०१६ मध्ये रवी जाधव यांनी 'बँजो' नावाचा हिंदी सिनेमा काढला, रितेश देशमुख त्यात होता. गोष्ट काय होती? न्यूयॉर्कची एक मुलगी मुंबईच्या रस्त्यावरचा बेंजो रेकॉर्डिंगवर ऐकते आणि तो वाजवणाऱ्याला शोधत इथे येते. कोण वाजवतंय ते तिला माहीत नसतं. सिनेमा फार चालला नाही, ते सोडा. पण तो प्रश्न अगदी नेमका होता. आवाज आहे, नाव नाही. माझ्या ४८ सेकंदांच्या क्लिपसारखंच.

आता आपलं काम

वातानाबेची गिटार ११ वर्षांनी परत आली, कारण टेप होती आणि नाव होतं. चरणजित सिंग २८ वर्षांनी सापडले, कारण रेकॉर्ड होती आणि नाव होतं. आपल्याकडे आज टेप आहे. तुमच्या हातातच आहे, त्यावरच तुम्ही मला ऐकताय. यूट्यूबवर 'बेंजो' टाकून बघा, हजारो व्हिडिओ आहेत. पण बहुतेकांवर काय लिहिलंय? 'कडक वाजवलं', 'नाद खुळा', 'बघाच एकदा'. मंडळाचं नाव असतं, मूर्तीचं नाव असतं, कधी पार्टीचं नाव असतं. बेंजो वाजवणाऱ्या माणसाचं नाव शोधून दाखवा.

म्हणून यंदा चार गोष्टी करा. फार कठीण नाहीत.

एक, क्लिप ३० सेकंदांची काढू नका, एक अख्खी चाल घ्या. सुरुवात कशी होते आणि लय कशी चढते हे त्यातच कळतं.

दोन, स्पीकरच्या तोंडाशी उभे राहू नका. आवाज फाटतो. जरा बाजूला, वादकांच्या अंगाला उभे राहा. बेंजोवाल्याची बोटं दिसली तर फारच छान.

तीन, मधल्या विश्रांतीत पाणी द्या आणि विचारा. रेकॉर्ड केलं तर चालेल ना? नाव काय? कुठले? कोणाकडे शिकलात? किती वर्षं वाजवताय? लोक आनंदाने सांगतात. इतकी वर्षं त्यांना कोणी विचारलेलंच नसतं.

चार, घरी आल्यावर हे सगळं क्लिपच्या नावातच लिहा. जागा, तारीख, पार्टी, वादक. फोन बदलला तरी नाव क्लिपबरोबर राहील.

मी स्वतः काय करणार आहे सांगतो. येत्या गणपतीत ती ४८ सेकंदांची क्लिप घेऊन लालबागपासून चिंचपोकळीपर्यंत फिरणार आहे. प्रत्येक बेंजोवाल्याला हेडफोन देणार आणि विचारणार, "दादा, हा हात कोणाचा ओळखता का?" वाजवणारे एकमेकांचा हात ओळखतात. नाव सापडलं, आणि त्यांची हरकत नसली, तर पुढच्या एखाद्या भागात तेच इथे बसून बोलतील. मी गप्प बसेन.

आणि तुमच्या घरात, तुमच्या चाळीत कोणी बेंजो वाजवणारे काका, मामा, आजोबा असतील, तर हा भाग त्यांना ऐकवा. माळ्यावर जुनी कॅसेट पडली असेल तर टाकून देऊ नका. तिच्यावर पेनाने का होईना, नाव लिहा.

चला, भेटूया पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा, आणि हो, वाजवणाऱ्याला नाव विचारत राहा.